प्रश्न तुमचे : एएस/४००चा गेटवे नेमका कुठे अडतो?

या महिन्याच्या टपालात एकाच दुखण्याची बरीच पत्रं आहेत. मशीन चालू आहे, केबल लागलेली आहे, दिवा हिरवा आहे, आणि तरीही बाहेरच्या नेटवर्कशी बोलणं बंद. गेटवे म्हणजे आपल्या नेटवर्कमधून बाहेर पडायचं दार, बहुधा राउटर. हे मशीन म्हणजे आयबीएमचं मिडरेंज, मध्यम ताकदीचं सर्व्हर-यंत्र. १९८८ साली ते एएस/४०० म्हणून आलं, २०००मध्ये आयसिरीज झालं, २००६मध्ये सिस्टिम आय, आणि २००८पासून पॉवर सर्व्हरवर चालणाऱ्या त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव आहे आयबीएम आय. पाटी कितीदा बदलली तरी कारखान्यांत आणि बँकांत ‘एएस फोर हंड्रेड’ हेच नाव तोंडी आहे. हिरव्या पडद्यावरच्या कमांडही बहुतेक त्याच आहेत.

एक खुलासा. कमांड इथे देवनागरीत, तुकडे पाडून दिल्या आहेत : ‘ॲड-टीसीपी-आरटीई’. मधल्या आडव्या रेघा फक्त वाचण्यासाठी आहेत. टाइप करताना अक्षरं सलग रोमनमध्ये घ्यायची. कुठल्याही कमांडवर एफ४ दाबलं की सगळी खाणी समोर येतात, त्यामुळे खाण्यांची नावं पाठ करायची गरज नाही.

प्रश्न : सर्व्हर नव्या खोलीत हलवला, आयपी पत्ता बदलून १९२.१६८.१०.२० केला. जुना इंटरफेस काढून नवा घातला. शेजारच्या एक-दोन मशीनना पिंग (पोचतं का बघणारा चाचणी संदेश) लागतो, पण राउटरला (१९२.१६८.१०.१) लागत नाही आणि डिफॉल्ट रूट घालायला गेलं की मशीन नाकारतं. विंडोजसारखी गेटवेची जागा इंटरफेसच्या पडद्यावर सापडत नाही, ती कुठे असते? (नाशिक)

उत्तर : आधी शेवटचं. ती जागा तिथे नाहीच. विंडोजमध्ये पत्ता, मास्क आणि गेटवे एकाच चौकटीत भरतात. इथे इंटरफेस (कार्डाला दिलेला पत्ता) वेगळा आणि रूट (पॅकेटने कुठल्या वाटेने जायचं ती नोंद) वेगळा. ‘सीएफजी-टीसीपी’ या मेनूत पर्याय १ इंटरफेससाठी आणि पर्याय २ रूटसाठी आहे. ज्याला तुम्ही डिफॉल्ट गेटवे म्हणता तो इथे *डीएफटीरूट नावाच्या रूटचा ‘नेक्स्ट हॉप’, म्हणजे वाटेतला पुढचा थांबा, आहे.

आता नकाराचं कारण. ज्या नेक्स्ट हॉपपर्यंत एखाद्या इंटरफेसच्या स्वतःच्या सबनेटमधून (जवळच्या पत्त्यांच्या गटातून) थेट पोचता येत नाही, तो या मशीनला चालत नाही. तो गट केवढा ते मास्क ठरवतो, आणि तुमच्या लक्षणांवरून मास्कमध्येच पाणी मुरतंय. ‘नेटस्टॅट *आयएफसी’ द्या. पडद्यावर चार रकाने दिसतील : इंटरनेट ॲड्रेस, नेटवर्क ॲड्रेस, लाइन डिस्क्रिप्शन आणि इंटरफेस स्टेटस. बहुतेकांची नजर पहिल्या रकान्यावरून थेट शेवटच्या ‘ॲक्टिव्ह’वर जाते. तुम्ही दुसरा रकाना वाचा. तिथे १९२.१६८.१०.० असायला हवं. १९२.१६८.१०.१६ दिसत असेल तर मास्क २५५.२५५.२५५.० ऐवजी २५५.२५५.२५५.२४० पडला आहे. २४०च्या मास्कने सोळा-सोळा पत्त्यांचे गट पडतात : ० ते १५, १६ ते ३१, असे पुढे. तुमचा २० दुसऱ्या गटात आहे आणि राउटरचा १ पहिल्या गटात. शेजारच्या मशीनचे पत्ते १७ ते ३० मधले असणार, म्हणून त्यांना पिंग लागतो. मशीनच्या हिशेबाने राउटर परगावी आहे आणि परगावी जायला जो राउटर लागतो तोही तोच आहे.

दुरुस्ती कन्सोलवरून करा, टेलनेटवरून नको, कारण इंटरफेस बंद केला की त्यावरचे सगळे सेशन तुटतात. क्रम असा :

एंड-टीसीपी-आयएफसी ‘१९२.१६८.१०.२०’
सीएचजी-टीसीपी-आयएफसी, त्यात सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०
एसटीआर-टीसीपी-आयएफसी ‘१९२.१६८.१०.२०’
ॲड-टीसीपी-आरटीई, त्यात रूट डेस्टिनेशन *डीएफटीरूट, सबनेट मास्क *नन, नेक्स्ट हॉप १९२.१६८.१०.१

डिफॉल्ट रूटचा मास्क *नन असाच द्यायचा. तिथे सवयीने २५५.२५५.२५५.० किंवा ०.०.०.० टाइप केलं की पुन्हा नकार, आणि मग माणूस नेक्स्ट हॉपमध्ये चूक शोधत बसतो. या सगळ्या कमांडना *आयओ-सिस-सीएफजी हा खास अधिकार लागतो; तो नसला तर मेनू उघडेल पण बदल होणार नाही.

रूट घातल्यावर ‘नेटस्टॅट *आरटीई’मध्ये ‘रूट अव्हेलेबल’ हा रकाना *येस आहे ना, एवढं बघा. तो *येस नसेल तर दोन शक्यता : ज्या इंटरफेसवरून रूट जातो तो सुरू नाही, किंवा गेटवे उत्तर देत नाही म्हणून मशीनने तो मेलेला ठरवला आहे. या दुसऱ्या तपासणीला डेड गेटवे डिटेक्शन म्हणतात. राउटर पुन्हा जिवंत झाला की मशीन रूट आपोआप *येस करतं. तेवढ्यासाठी टीसीपी बंद-चालू करणं म्हणजे फुकटची धावपळ.

प्रश्न : फायरवॉल बदलली. गेटवे १९२.१६८.१०.१ होता, आता १९२.१६८.१०.२५४ होणार आहे. ‘सीएचजी-टीसीपी-आरटीई’ने नेक्स्ट हॉप बदलता येत नाही असं दिसतं. मशीन दुसऱ्या शहरात आहे, तिथे रात्री कुणी नसतं. सुरक्षित रीत कोणती? (पुणे)

उत्तर : बदलता येत नाही हे बरोबर आहे. रूटची ओळखच मुळी डेस्टिनेशन, मास्क आणि नेक्स्ट हॉप या सगळ्यांवरून होते. ओळखच बदलायची तर नवा रूट घालून जुना काढावा लागतो. आधी घाला, मग काढा. उलट केलंत तर मधल्या क्षणी मशीनला बाहेरची वाटच उरत नाही आणि तुमचं सेशनही त्याच वाटेने आलेलं असतं. बसलेली फांदी तोडण्याचा हा प्रकार वर्षानुवर्षं चालू आहे.

सगळ्यात सोपा उपाय कमांडमध्ये नाही, बसण्याच्या जागेत आहे. तिथल्याच १९२.१६८.१०.० नेटवर्कमधल्या एखाद्या पीसीवर रिमोट डेस्कटॉपने जा आणि त्या पीसीवरून एएस/४००चं सेशन उघडा. आता तुमच्या सेशनचं उत्तर डिफॉल्ट रूटने जात नाही; इंटरफेस सुरू होताना आपोआप तयार झालेल्या *डायरेक्ट रूटने जातं. डिफॉल्ट रूट काढला, चुकवला, दोनदा घातला, तरी तुमच्या पडद्याला धक्का लागत नाही. मात्र त्या पीसीचा गेटवेही त्याच रात्री बदलणार असेल तर तो आधी बदलून घ्या.

असा पीसी नसेल तर परतीची तजवीज आधी करा. सीएलमध्ये (या मशीनच्या कमांडच्या भाषेत) एक छोटा प्रोग्राम लिहा. त्यात पहिली ओळ ‘डीएलवाय-जॉब डीएलवाय(६००)’, म्हणजे दहा मिनिटं थांब. मग जुन्या १०.१चा ‘ॲड-टीसीपी-आरटीई’, मग नव्या १०.२५४चा ‘आरएमव्ही-टीसीपी-आरटीई’. दोन्हींच्या खाली ‘मॉन-एमएसजी’ हवाच, नाहीतर एखादी कमांड फसली की जॉब मेसेजच्या उत्तराची वाट बघत बसेल आणि उत्तर द्यायला तिथे कुणी नाही. हा प्रोग्राम ‘एसबीएम-जॉब’ने सोडा आणि मग प्रत्यक्ष बदल करा. सगळं जमलं तर तो जॉब ‘एंड-जॉब’ने मारून टाका. नाही जमलं तर चहा घ्या. दहा मिनिटांत जुना रूट परत येईल.

इथली खरी मेख जॉब क्यूमध्ये आहे. सवयीने जॉब क्यूबॅचमध्ये जातो. तिथे एका वेळी एकच जॉब चालत असेल आणि पुढे महिनाअखेरीचा रिपोर्ट बसला असेल, तर तुमची परतीची तजवीज रांगेत तिष्ठत राहील. म्हणून क्यू-सिस-नोमॅक्स या जॉब क्यूवर पाठवा आणि ‘डब्ल्यूआरके-ॲक्ट-जॉब’मध्ये तो खरंच सुरू होऊन थांबलेला आहे हे डोळ्यांनी बघूनच पुढे जा. ज्या युजरच्या नावाने तो चालतो त्याला *आयओ-सिस-सीएफजी आहे ना, हेही तेव्हाच पाहा.

फायरवॉल बदलताना पत्ता तोच ठेवला, तर वेगळी अडचण येते. आयपी तोच, पण कार्डाचा पत्ता नवा. मशीनच्या एआरपी नोंदीत (कुठला आयपी कुठल्या कार्डाचा, ती यादी) जुनाच बसलेला असतो. थोड्या वेळाने ती नोंद आपोआप गळून पडते. किती वेळाने, ते ‘सीएचजी-टीसीपी-ए’वर एफ४ दाबून एआरपी टाइमआउटच्या खाण्यात दिसतं.

प्रश्न : मुख्य कार्यालय १९२.१६८.१०.०, शाखा १९२.१६८.३०.०. इंटरनेट चालतं, बँकेची लिंक (१०.५०.०.०) चालते, पण या एकाच शाखेचे पीसी एएस/४००ला जोडले जात नाहीत. त्याच शाखेतून मुख्य कार्यालयातल्या विंडोज सर्व्हरला पिंग लागतो. राउटरवाला म्हणतो, दोष एएस/४००मध्ये आहे. (कोल्हापूर)

उत्तर : या वेळी राउटरवाल्याचं बरोबर असण्याची शक्यता दाट आहे. विंडोज सर्व्हर पोचतो, म्हणजे शाखेकडून येणारी आणि जाणारी वाट राउटरवर ठीक आहे.

मास्क तपासा. पहिल्या प्रश्नात तो फार आखूड होता, तुमच्याकडे तो फार ऐसपैस असावा : २५५.२५५.०.०. या मास्कने १९२.१६८ने सुरू होणारा प्रत्येक पत्ता मशीनला आपल्याच वाड्यातला वाटतो. मग १९२.१६८.३०.४५ला उत्तर द्यायचं तर ते राउटरकडे जातच नाही. आपल्याच केबलवर ‘४५ कोण आहे?’ असं एआरपीने ओरडत राहतं. ४५ तिकडे शाखेत बसला आहे, त्याला हे ऐकू जाणार कसं? बँकेची लिंक १०ने सुरू होते, इंटरनेटचे पत्ते वेगळेच, म्हणून ते दोन्ही डिफॉल्ट रूटने सुखरूप जातात. तुमची लक्षणं या एका चुकीवर तंतोतंत बसतात.

आणखी गंमत म्हणजे काही राउटरांवर प्रॉक्सी एआरपी चालू असतं. ते राउटर ‘४५ म्हणजे मीच’ असं परस्पर उत्तर देतात आणि चुकीचा मास्क वर्षानुवर्षं निभावून नेतात. मग एक दिवस राउटर बदलतो, नव्यावर ती सोय बंद असते आणि ‘काल तर चालत होतं’ हे वाक्य ऐकू येतं. तुमच्याकडे अलीकडे राउटर बदलला असेल तर दुसरा पुरावा शोधायला नको.

खात्रीसाठी ‘ट्रेस-रूट’ दोनदा चालवा, एकदा बँकेच्या पत्त्याला, एकदा शाखेच्या. बँकेच्या वेळी पहिल्या ओळीत १९२.१६८.१०.१ येईल. शाखेच्या वेळी पहिल्याच ओळीपासून ताऱ्यांची रांग लागली, तर पॅकेट राउटरपर्यंत पोचलेलंच नाही.

मास्क ठीक निघाला तर ‘नेटस्टॅट *आरटीई’ची यादी शेवटपर्यंत वाचा. या मशीनवर जास्त नेमका रूट आधी लागू होतो : एका पत्त्यासाठी घातलेला *होस्ट रूट सगळ्यांत वर, मग सबनेटचा, मग मोठ्या नेटवर्कचा, आणि कुठेच जमलं नाही तर *डीएफटीरूट. कुणीतरी कधीकाळी लीज लाइन होती तेव्हा १९२.१६८.३०.०साठी वेगळा नेक्स्ट हॉप घातलेला असतो. लाइन गेली, माणूस निवृत्त झाला, रूट मात्र जागेवर. रूट कायमच्या नोंदीत राहतात, आयपीएल केल्याने (मशीन पुन्हा सुरू केल्याने) पुसले जात नाहीत. तो दिसला तर ‘आरएमव्ही-टीसीपी-आरटीई’.

मास्क लगेच बदलता येत नसेल (दिवसा सगळे सेशन तुटतील म्हणून), तर तात्पुरता उपाय आहे. शाखेसाठी नेमका रूट घाला : डेस्टिनेशन १९२.१६८.३०.०, मास्क २५५.२५५.२५५.०, नेक्स्ट हॉप १९२.१६८.१०.१. तो इंटरफेसच्या रूटपेक्षा जास्त नेमका असल्याने लगेच लागू होतो आणि कुणाचं सेशन तुटत नाही. डेस्टिनेशनमध्ये शाखेच्या राउटरचा पत्ता (३०.१) देऊ नका, मास्क लावल्यावर उरणारा नेटवर्कचाच पत्ता लागतो. रविवारी मास्क सुधारलात की हा रूट काढून टाका, नाहीतर पुढच्या माणसासाठी तोही एक जुनाट रूट होईल.

प्रश्न : पिंग लागतो पण ५२५० (हिरव्या पडद्याचं) सेशन येत नाही. हा रूटचा दोष समजायचा का? (दुबई)

उत्तर : पिंग त्याच पीसीवरून, त्याच पत्त्याला लागत असेल तर सहसा नाही. इकडून दुसऱ्या मशीनला जोडणारा प्रोग्राम असेल तर जॉब लॉगमधला त्रुटी क्रमांक बरंच सांगतो. ३४२५ म्हणजे समोरच्याने नकार दिला : पॅकेट पोचलं, उत्तर आलं, पण त्या पोर्टवर कुणी बसलेलं नाही. रूट चोख आहे. ३४४७ म्हणजे वेळ संपली : मध्ये फायरवॉलने गिळलं असेल किंवा उत्तराला परतीची वाट नसेल. ३४३५ म्हणजे नेटवर्कच पोचण्याबाहेर, आणि ३४२९ म्हणजे त्या होस्टकडे जायची वाट नाही. शेवटच्या दोहोंत रूटची यादी उघडायची, ३४२५ला मुळीच नाही.

येणाऱ्या सेशनसाठी ‘नेटस्टॅट *सीएनएन’मध्ये पोर्ट २३ (सुरक्षित असेल तर ९९२) ‘लिसन’ दाखवतं का बघा. नसेल तर ‘एसटीआर-टीसीपी-एसव्हीआर *टेलनेट’. फाइल ट्रान्सफर आणि ओडीबीसीला (डेटाबेसच्या जोडणीला) एवढ्यावर भागत नाही. त्यांना ४४९ आणि ८४७० ते ८४७६ हे पोर्ट लागतात, एसएसएल असेल तर ९४७० ते ९४७६. फायरवॉलमध्ये फक्त २३ उघडून ‘एएस/४००चं सगळं दिलं’ असं समजणारे पुष्कळ असतात.

प्रश्न : मशीनला दोन इथरनेट कार्डं आहेत : एक १९२.१६८.१०.२० ऑफिससाठी, दुसरं १७२.१६.५.२० भागीदार कंपन्यांच्या फायरवॉलसाठी. दोन्हींवर डिफॉल्ट रूट घातले. भागीदारांची जोडणी कधी लागते, कधी नाही. (मुंबई)

उत्तर : भागीदाराचं पॅकेट फायरवॉलमधून १७२.१६.५.२०वर येतं. उत्तर द्यायची वेळ आली की भागीदाराच्या पत्त्यासाठी नेमका रूट नसतो, म्हणून मशीन डिफॉल्टकडे वळतं. डिफॉल्ट दोन आहेत. उत्तर ऑफिसच्या गेटवेने बाहेर पडलं तर त्या वाटेवरच्या फायरवॉलने या जोडणीची सुरुवात पाहिलेलीच नसते. ती ते टाकून देते. मागे खुणेची ओळही उरत नाही, भागीदाराला नुसता टाइमआउट मिळतो.

आमच्या मते दोन डिफॉल्ट रूट ठेवायचं कारण इथे नाही. एकच ठेवा, जिकडे पत्ते आधी माहीत नसतात तिकडचा. भागीदार मोजके आणि ठरलेले असतात. त्यांच्या प्रत्येक नेटवर्कसाठी नेमका रूट घाला, नेक्स्ट हॉप १७२.१६.५.१. भागीदाराचं एकच मशीन असेल तर मास्क *होस्ट. दहा भागीदार म्हणजे दहा ओळी, पण सहा महिन्यांनी यादी वाचणाऱ्याला कोण कुठून जातो ते कळतं.

दोन्ही डिफॉल्ट ठेवणं भागच असेल तर प्रत्येकाच्या ‘प्रिफर्ड बाइंडिंग इंटरफेस’ या खाण्यात त्याचा त्याचा इंटरफेस लिहा. *नन ठेवून नशिबावर सोडू नका. आणि तपासताना साधा पिंग पुरेसा नाही. ‘पिंग’च्या एफ४मध्ये ‘लोकल इंटरनेट ॲड्रेस’चं खाणं आहे, त्यात १७२.१६.५.२० भरून पिंग करा. नाहीतर पिंग एका कार्डावरून जातो आणि आपण दुसऱ्या कार्डाला पास करतो.

प्रश्न : व्हीपीएनवरून साइन-ऑनचा पडदा येतो, मेनू येतो, पण मोठी चौकशी केली किंवा फाइल ओढली की अडकतं. (रत्नागिरी)

उत्तर : छोटं जातं, मोठं अडतं, म्हणजे एमटीयू, एका पॅकेटची कमाल लांबी. इथरनेटवर पॅकेट १५०० बाइटचं. व्हीपीएन त्यावर आपलं वेष्टण चढवतं, मग ते नळीत मावत नाही. वाटेतल्या राउटरने ‘लहान करून पाठव’ असा आयसीएमपी संदेश (प्रकार ३, कोड ४) परत पाठवायचा असतो, पण कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली सगळंच आयसीएमपी बंद केलेलं असतं. संदेश पोचत नाही, मशीन तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतं. साधा पिंग इथे फसवतो, कारण या मशीनचा पिंग मुळात २५६ बाइटचा असतो.

खरा उपाय फायरवॉलवर तो एक संदेश सोडण्याचा. तोवर त्या शाखेच्या नेमक्या रूटचा एमटीयू १४०० करा. सगळ्या डिफॉल्ट रूटचा कमी करून ऑफिसभर हळू करू नका. आणि एखाद्या जुन्या रूटवर ५७६ लिहिलेलं दिसलं तर ते *आयएफसी करा. ५७६च्या पॅकेटने फाइल जाते, पण बैलगाडीने.

प्रश्न : एका मशीनवर दोन पार्टिशन (एकाच यंत्रातले स्वतंत्र भाग) आहेत. पहिल्याला खरं कार्ड (१९२.१६८.१०.२०) आणि व्हर्च्युअल इथरनेट (१०.१.१.१). दुसऱ्याला फक्त व्हर्च्युअल (१०.१.१.२), त्याचा डिफॉल्ट रूट १०.१.१.१. दुसऱ्यावरून १९२.१६८.१०.२० पिंग होतो, पण राउटर १९२.१६८.१०.१ होत नाही. (नागपूर)

उत्तर : १०.२० पिंग झाला म्हणून ‘पलीकडे पोचलो’ असं वाटतं, पण तो पत्ता पहिल्या पार्टिशनचा स्वतःचाच आहे. त्याला उत्तर द्यायला काहीच पुढे ढकलावं लागत नाही. खरी परीक्षा राउटरची.

दोन गोष्टी लागतात. पहिल्या पार्टिशनवर ‘सीएचजी-टीसीपी-ए’मध्ये आयपी डेटाग्राम फॉरवर्डिंग *येस, मुळात ते *नो असतं, आणि *नो असताना दुसऱ्यासाठी आलेलं पॅकेट ते गुपचूप टाकून देतं. दुसरी गोष्ट राउटरवर : १०.१.१.०कडे जायचं तर १९२.१६८.१०.२०ला द्या, असा रूट. तो नसेल तर पिंग राउटरपर्यंत पोचतो, पण राउटर उत्तर आपल्या डिफॉल्टने इंटरनेटच्या दिशेला भिरकावतो.

दोहोंपैकी कोणती राहिली ते कम्युनिकेशन्स ट्रेसने कळतं. पहिल्या पार्टिशनवर ‘एसटीआर-सीएमएन-टीआरसी’, ऑब्जेक्ट म्हणजे खऱ्या कार्डाची लाइन डिस्क्रिप्शन, प्रकार *एलआयएन. दुसऱ्यावरून पिंग करा, मग ‘एंड-सीएमएन-टीआरसी’ आणि ‘पीआरटी-सीएमएन-टीआरसी’. छापताना टीसीपी/आयपीचा फॉरमॅट निवडा. १०.१.१.२ची विनंती बाहेर पडलेली दिसली आणि उत्तर आलेलं नाही, तर काम राउटरवर आहे. विनंतीच दिसली नाही, तर फॉरवर्डिंग राहिलं. शेवटी ‘डीएलटी-सीएमएन-टीआरसी’ने ट्रेस पुसा.

प्रश्न : दर आयपीएलनंतर डिफॉल्ट रूट *नो असतो, इंटरफेस हाताने सुरू करावा लागतो. (सोलापूर)

उत्तर : ‘सीएफजी-टीसीपी’ पर्याय १, इंटरफेससमोर ५. ‘ऑटोस्टार्ट’ *नो असेल तर ‘सीएचजी-टीसीपी-आयएफसी’ने *येस करा. स्टार्टअप प्रोग्राममध्ये ‘ॲड-टीसीपी-आरटीई’ घालण्याचा सल्ला कुणी दिला असेल तर ऐकू नका. रूट तिथेच आहे, त्याला फक्त इंटरफेस हवा आहे.

प्रश्न : गेटवे बरोबर घातला, ५२५० दुसऱ्या सबनेटमधून चालतं, पण लॅन कन्सोल (नेटवर्कवरून चालणारा मुख्य पडदा) तिथून जोडला जात नाही. (ठाणे)

उत्तर : लॅन कन्सोलचा सर्व्हिस टूल्स ॲडॅप्टर ‘सीएफजी-टीसीपी’चं काहीच ऐकत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम उभी नसतानाही त्याला चालावं लागतं, म्हणून त्याचा पत्ता, मास्क आणि गेटवे वेगळे, एसएसटी किंवा डीएसटी या सर्व्हिस टूल्समध्ये भरायचे असतात. तिथे गेटवे चुकलेला किंवा कोरा असेल. भरल्यावर साठवा आणि ॲडॅप्टर डीॲक्टिव्हेट करून पुन्हा ॲक्टिव्हेट करा. नुसतं साठवून जुनाच गेटवे चालू राहतो. हे करताना त्याच कन्सोलवर बसलेले असाल तर तो तुटेल, एवढं लक्षात ठेवा.

प्रश्न : आयपीने एफटीपी लगेच लागतो, नावाने लागायला अर्धा मिनिट लागतं. गेटवे मंद आहे का? (गोवा)

उत्तर : गेटवेला नाव कळत नाही, त्याला फक्त पत्ता कळतो, तेव्हा तो सुटला. ‘सीएफजी-टीसीपी’ पर्याय १२ उघडा. पहिला डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा) सर्व्हर बंद पडलेला किंवा जुन्या नेटवर्कमधला असणार; मशीन आधी त्याची वाट बघतं, मग दुसऱ्याकडे जातं. मेलेला पत्ता काढा. रोजची चार-पाच नावं पर्याय १०च्या होस्ट टेबलमध्ये घाला आणि पर्याय १२मध्ये शोधाचा क्रम *लोकल ठेवा.